कोतवाल बुकातील आपले नाव

जून महिना उजाडला की आपल्या भागातील पालकांची एक निराळीच धावपळ सुरू होते. धानाचे पऱ्हे टाकण्याचे दिवस आणि प्रवेशाचे दिवस नेमके एकाच वेळी येतात. पवनी तालुक्यातील आसगावचा एखादा पालक अशा वेळी शेतातील काम तसेच टाकून आधी पवनीच्या आणि तेथून भंडाऱ्याच्या कचेरीत हेलपाटे घालतो. कशासाठी? तर मुलाच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या जन्माची नोंद शोधण्यासाठी. जातीचा दाखला हवा, त्या दाखल्याची पडताळणी हवी, आणि पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. ७ डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातील मुस्लिम समाजातील अनेक व्यावसायिक जमातींना इतर मागासवर्गाच्या सवलतींचे दार उघडले. परंतु त्या दाराची किल्ली जुन्या कागदांत आहे, आणि ते कागद सरकारी दप्तरात आहेत.

मग प्रश्न असा पडतो की, सरकारने आपल्याविषयी लिहून ठेवलेले पान कोणाचे? ते पाहण्याचा हक्क आपल्याला कोणी व केव्हा दिला? ह्या प्रश्नाचा इतिहास आपल्याच जिल्ह्याच्या आधाराने सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आरंभी थोडे शब्दांविषयी. दप्तर, अर्ज, नक्कल, दाखला, मिसल, हक्क, मुदत, तहसील, जिल्हा, आणि खुद्द ‘माहिती’ हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला व राज्यकारभारासाठी संस्कृत शब्द सुचविले गेले, तरी कचेरीच्या उंबरठ्यावर हे जुने शब्द टिकून राहिले. अर्ज नाकारला गेला की करावयाचे ते ‘अपील’ मात्र इंग्रजांनी दिले! असो. सांगायचे इतकेच की, ही भाषा आपल्या आजोबांच्या कानाला परकी नव्हती. परका होता तो कागद.

लिहून ठेवण्याचे महत्त्व आपल्या धर्माने आपल्याला फार पूर्वी सांगितले आहे. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरातील २८२ वी, कोठल्याही मोठ्या गूढ विषयावर नसून देण्याघेण्याचा व्यवहार लिहून कसा ठेवावा ह्याविषयी आहे. लेखक हवा, साक्षीदार हवेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तीत बजावले आहे. हजरत उमर ह्यांच्याविषयीची रिवायत तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सर्वांच्या वाट्याला कापडाचा एकेक तुकडा आला असता खलिफांच्या अंगावर दोन तुकड्यांचा अंगरखा कसा, असे एका साध्या माणसाने भर सभेत विचारले. हजरत उमर रागावले नाहीत. त्यांनी मुलाला उठून उत्तर द्यावयास सांगितले, व मुलाने आपला तुकडा वडिलांना दिल्याचा खुलासा केला. विचारणाऱ्याने ‘तू कोण विचारणारा?’ हे शब्द ऐकले नाहीत. आजच्या कायद्याच्या ६ व्या कलमात, अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही असे स्पष्ट लिहिले आहे. ते वाचताना ही रिवायत आठवल्यावाचून राहात नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या दशकात भंडारा जिल्ह्यात जमीन मोजणी व बंदोबस्ताचे काम झाले. गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारास गावाची मालकी मिळाली. परंतु गावात मालगुजाराखेरीज इतरही माणसे होती. त्यांच्या गुरांनी कोठे चरावे, सरपण कोठून आणावे, तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला आधी मिळावे, मासे कोणी धरावेत? बंदोबस्ताच्या कागदांत ह्या रूढी लिहिल्या गेल्या आणि त्या लेखाला नाव मिळाले ‘वाजिब-उल-अर्ज’, म्हणजे जे निवेदन करणे वाजिब आहे ते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. आज ज्यांना आपण माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतो, त्यांच्या पाण्यावरील हक्कांचा जुना लेख ह्याच कागदांत सापडतो.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व १९५१ च्या वसंतात गावे सरकारकडे आली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ तयार झाली, तेव्हा तिच्यात एक संपूर्ण प्रकरण केवळ विदर्भासाठी घातले गेले. त्यातील १६१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक गावाचे ‘निस्तार पत्रक’ आणि १६५ व्या कलमाप्रमाणे ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार करावयाचे आहे. आणि पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करून, गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन मगच जिल्हाधिकाऱ्यांनी तो कायम करावयाचा आहे. म्हणजे माहितीच्या अधिकाराचा गवगवा होण्याच्या कितीतरी आधी, गावाच्या हक्काचा कागद गावापुढे वाचला गेला पाहिजे, हे तत्त्व आपल्या विदर्भात कायद्यात होते. गायरान कोणते, वहिवाटीची वाट कोणती, पाणी कोणाचे, ह्यावरून जेथे तंटे होतात तेथे आधी हे कागद पाहिले असते तर कितीतरी तंटे ठाण्यापर्यंत गेलेच नसते, असे माझे मत आहे. पण हे कागद मागणारा विरळाच.

हे झाले गावाचे पान. माणसाचे पान निराळ्या वहीत होते.

मध्यप्रांतात गावोगाव कोतवाल असे. गावातील जन्म-मृत्यूची खबर ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यावर नेऊन देणे हे त्याच्या कामांपैकी एक काम. त्यासाठी त्याच्यापाशी जी वही असे तीच पुढे ‘कोतवाल बुक’ किंवा ‘कोतवाल पंजी’ म्हणून प्रसिद्ध झाली. नागपूरकडील मुलुखात हे काम बहुधा महार समाजाकडे असे. विद्यार्थ्यांनो, क्षणभर विचार करा. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते आणि ज्याच्या मुलाला शाळेच्या ओट्याबाहेर बसावे लागे, तोच माणूस साऱ्या गावाच्या जन्ममरणाची वही काखोटीला मारून ठाण्याची वाट चालत होता. पाटलाच्या वाड्यातील जन्म असो की मोमिनाच्या मागाशेजारचा, वहीत ओळ एकच. आज शंभर वर्षांनी मोठमोठ्या घरांचे वंशज त्या वहीच्या नकलेसाठी रांगेत उभे आहेत.

ह्या वहीत काय असे? जन्माची तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचे नाव बहुतेक वेळा नसे. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत नाव ठेवलेलेच नसे, मग कोतवाल ते कोठून सांगणार? बापाचे नाव कोतवालाने ऐकले तसे, आणि लिहिणाऱ्याने समजले तसे उतरे. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन मुलांच्या नोंदींत बापाचे नाव दोन प्रकारे आढळते. आपल्या समाजाची अडचण ह्याहून मोठी आहे. जातीच्या रकान्यात पुष्कळदा केवळ ‘मुसलमान’ एवढाच शब्द असतो. पिंजारी होता की तांबोळी, जुलाहा होता की बागवान, हे लिहिण्याची गरज त्या काळी कोणास वाटली नाही. अशा वेळी दुसरा कागद शोधावा लागतो. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, बंदोबस्ताची मिसल, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, एखादे जुने खरेदीखत. ह्यांपैकी एखाद्यात धंद्याचा किंवा जमातीचा उल्लेख सापडतो, आणि मग दोन कागद शेजारी ठेवून नाते जुळवावे लागते. एकाच घराच्या कागदांवर मध्यप्रांत, मध्यप्रांत व वऱ्हाड, मध्यप्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी पाच राज्यांची नावे असू शकतात, आणि घर मात्र आसगावातून हललेले नसते!

ह्या पानांची नक्कल मिळण्याचा हक्क नवा नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ७६ व्या कलमात असे होते की, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा कोणास हक्क आहे, त्याची प्रमाणित नक्कल फी घेऊन त्यास दिलीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी नकलेचा हक्क कायम आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे १७ वे कलम तर फार विचारपूर्वक केलेले आहे. कोणाही व्यक्तीस जन्म-मृत्यूच्या नोंदींचा शोध घेता येईल व उतारा घेता येईल, परंतु मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येणार नाही. १९१८ च्या तापाच्या साथीत मध्यप्रांतात घरेच्या घरे ओस पडली, ती कशाने गेली हे जुन्या वह्यांत उघड लिहिलेले असे. नव्या कायद्याने म्हटले, माणूस गेला हे जगाला कळू द्या. कोणत्या आजाराने गेला ही त्याच्या घराची गोष्ट आहे. सार्वजनिक काय आणि खासगी काय, ह्यांतील रेषा एका वाक्यात इतकी नेमकी मी दुसरीकडे पाहिली नाही.

मग अडचण कोठे होती? स्वतःच्या पानाची नक्कल मिळत होती. पण सरकार आपला कारभार कसा करते, पैसा कोठे जातो, अर्ज का फेटाळला, हे विचारण्याची सोय नव्हती. उलट १९२३ साली इंग्रज सरकारने शासकीय गुपितांचा कायदा केला. तो हेरांसाठी होता हे खरे, पण त्याची सावली तहसीलच्या टेबलापर्यंत पडली आणि ‘हे गोपनीय आहे’ म्हणण्याची सवय जडली. स्वराज्य आले तरी तो कायदा गेला नाही, आजही आहे. स्वीडनने मात्र १७६६ सालीच सरकारी कागद नागरिकांना खुले केले होते.

आपल्या देशात पहिला ठळक शब्द सर्वोच्च न्यायालयाचा. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राजनारायण ह्या १९७५ च्या खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू ह्यांनी, सार्वजनिक सेवकांनी सार्वजनिकरीत्या केलेले प्रत्येक कृत्य जाणून घेण्याचा जनतेला हक्क आहे असे मत नोंदविले. पण न्यायालयाचे मत खेड्यात पोहोचविले ते राजस्थानच्या मजुरांनी. दुष्काळी कामांवरील हजेरीपटात मेलेल्यांची नावे, न केलेल्या कामांचे पैसे, आणि हजेरीपट पाहू द्या म्हटले की ‘गोपनीय’. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेऊन हे हजेरीपट मोठ्याने वाचून दाखविले, आणि १९९६ मध्ये ब्यावर येथे दीर्घ धरणे धरले. आपल्या महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे १९७२ च्या दुष्काळापासून चालू होती, म्हणून हजेरीपट म्हणजे काय हे आपल्या मजुरांना समजावून सांगावे लागत नाही.

पुढचा मार्ग राज्यांनी दाखविला. तामिळनाडूने व गोव्याने १९९७ साली कायदे केले. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा अगदीच तोकडा होता. अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनांनंतर, विशेषतः ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावरील उपोषणानंतर, चांगला कायदा अमलात आला. केंद्राच्या कायद्यास १५ जून २००५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व १२ ऑक्टोबर २००५ पासून तो लागू झाला. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाहीत; ३० दिवसांत उत्तर; उत्तर न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील; आणि त्यावरही समाधान न झाल्यास ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठाकडे, दुसरे अपील. महाराष्ट्राने २०१२ साली अर्जाला १५० शब्दांची मर्यादा घातली. दप्तरदिरंगाईला शब्दमर्यादा कोणी घालत नाही, ही गोष्ट वेगळी.

विद्यार्थ्यांनी एक निर्णय विशेष लक्षात ठेवावा. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात असे ठरविले की, परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहितीच्या अधिकारात आहे. तोपर्यंत तिकडे बोट दाखविणेही उद्धटपणाचे समजले जाई.

ह्या अधिकाराची किंमतही लोकांनी मोजली आहे. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांची माहिती मागणाऱ्या सतीश शेट्टी ह्यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. सरकारजवळ आपले पान आहे, तसे शेजाऱ्याचेही आहे. शेजाऱ्याचे पान आपण मागावे काय? २००५ च्या कायद्याच्या ८ (१) (ञ) ह्या कलमाने ह्याचे समंजस उत्तर दिले होते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहिती देऊ नये. पण व्यापक लोकहित असेल तर द्यावी. आणि जी माहिती विधिमंडळास नाकारता येत नाही ती नागरिकासही नाकारू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. तो योग्यच होता. पण त्याचा आधार घेऊन झालेल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वरील कलमातील सर्व अटी काढून टाकल्या व ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. लोकहित मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा दुसऱ्या एका उपकलमात, ८ (२) मध्ये, शिल्लक आहे. परंतु ते पटवून देण्याचे ओझे आता बहुतांशी मागणाऱ्याच्या खांद्यावर आले आहे.

मला ह्याची चिंता वाटते. हजेरीपटावरील नाव वैयक्तिक आहे, घरकुलाच्या यादीतील नाव वैयक्तिक आहे, शिष्यवृत्ती कोणाला मिळाली तेही वैयक्तिक आहे. ही नावे झाकली की मेलेल्या मजुराच्या नावे पैसे उचलणारा सुखात राहतो. दुसरीकडे, आपल्या मुलींचे फोन नंबर व पत्ते कोणाही अर्जदाराच्या हाती पडावेत असे कोणता पालक म्हणेल? मृत्यूच्या उताऱ्यातून केवळ कारण वगळणारा १९६९ चा कायदा ह्या दोन्ही गोष्टी सांभाळू शकला होता.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे जरूर आहे. येत्या जनगणनेत, जिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, जातींचीही गणना होणार आहे. तेव्हा जात लिहिली की पुढे मुलांना तोच पुरावा होईल, असे काहीजण समजतात. तसे होणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे जनगणनेची कागदपत्रे पाहण्याचा कोणासही हक्क नाही, आणि त्यांतील नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. जनगणनेत खरी माहिती जरूर द्यावी. पण ते पान आपल्याला परत दिसणार नाही. कोतवालाचे दिसेल.

२०२३ च्या अखेरीस न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध झाला. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार बोलावले गेले, जुने बस्ते सोडले गेले, आणि ५० लाखांहून अधिक नोंदी मिळाल्या. सरकारने मनात आणले तर दप्तरातील धूळ किती लवकर झटकली जाते हे त्यावरून दिसले. आपल्या मुलांनी उर्दू शिकावी की नाही ह्यावर आपल्या सभांतून पुष्कळ वाद होतात. उर्दू आणि मोडी दोन्ही वाचू शकणारा विद्यार्थी कोणत्याही अभिलेख कक्षात आदराने बोलावला जाईल, हे त्या वादात कोणी सांगत नाही.

ज्या पालकांना ह्या वर्षी शोध घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रथम साधा नकलेचा अर्ज करावा. स्वतःच्या घराच्या नोंदीसाठी तेवढा पुरतो. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असे तोंडी उत्तर आले तर घरी परतू नये. माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे की, ह्या गावाच्या कोणकोणत्या सालांच्या वह्या कार्यालयात आहेत, नसल्यास त्या कोणाकडे हस्तांतरित झाल्या किंवा कोणत्या आदेशाने नष्ट केल्या. ‘सापडत नाही’ हे कारण कायद्याच्या नकाराच्या यादीत नाही, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने बेकायदा कागद नष्ट करणे हा गुन्हा ठरविला आहे. २०१८ च्या एका शासन निर्णयाने जिल्हास्तरावरील व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ह्या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे ठरविले आहे. तो आठवडी बाजारासारखा पाठ करावा.

आणखी एक. जुन्या काळी पवनीचा सारा भाग भंडारा तहसिलीत मोडत असे. तेव्हा आसगावचे जुने पान पवनीत नाही म्हणून ते नाहीच असे समजू नये, भंडाऱ्यातही पाहावे. अर्जात मौजा, पोलीस ठाणे, अंदाजे साल आणि बापाचे नाव लिहावे. आजोबांचे स्वतःचे नाव घालून शोधल्यास ते बहुधा मिळणार नाही, कारण कोतवाल ठाण्यावर गेला त्या दिवशी त्यांचे नाव ठेवलेले नव्हते.